अर्ध्या फळ्याचे सर

त्या दिवशी शाळा लवकर सुटली नसती, तर रत्नदीप सर मला बहुधा कधी भेटलेच नसते. म्हणजे आम्ही एकाच खोलीत शिकवत होतो, एकाच खुर्चीत बसत होतो, एकाच माठातलं पाणी पीत होतो. पण मी यायच्या आत ते निघून गेलेले असायचे. डोंबिवलीत क्लासच्या खोल्या अशाच चालतात. खोली एक, मास्तर तीन, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. दुपारच्या वेळी गणिताचे कुणी सर येतात, एवढंच मला माहीत होतं.

माझा दिवस दिवा गावात पहाटे सुरू व्हायचा, कारण आमच्याकडे पाणी पहाटे यायचं. यायचं म्हणजे... कधी यायचं, कधी नुसता नळ खोकायचा. हंडे भरले की आईचा चहा, मग ठाण्याची शाळा. आणि दुपार कलली की डोंबिवलीत, नांदिवलीच्या तुळसामावशींच्या घरावरच्या खोलीत आठवी-नववीची मुलं. सकाळी इंग्रजी, संध्याकाळी इंग्रजी. मी दमले होते. आजारी नव्हते, दुःखीही नव्हते, नुसती दमलेली होते. पण ते सांगायचं कुणाला? विचारणाऱ्याला "ठीक आहे" म्हणायलासुद्धा थोडी ताकद लागते.

तर ती फेब्रुवारीतली दुपार. शाळेत वार्षिक समारंभ होता. मुख्याध्यापकांनी माईकवरून मला 'आमच्या टायरलेस टीचर' म्हटलं, हातात एक गुलाब दिला आणि खुर्च्या उचलायच्या कामाला लावलं. कार्यक्रम आटोपला तसा मी गुलाब पर्समध्ये कोंबला आणि सरळ नांदिवली गाठली. मुलं यायच्या आत बाकावर डोकं टेकता येईल, एवढाच विचार होता. तुळसामावशींच्या अंगणातला आंबा मोहरला होता. जिना चढताना त्या वासात कुठूनतरी सुकटीचा वास मिसळला होता, आणि वरून एका पुरुषाचा आवाज येत होता.

"ही जीवा. आणि केंद्रातून तिच्यावर टाकलेला हा लंब. दिसतंय का मागे?"

"नाय सर!"

मी दारातून डोकावले. पाहते तर एक उंच माणूस फळ्यासमोर चक्क गुडघे टेकून बसला होता आणि फळ्याच्या अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात पुरीएवढं वर्तुळ काढत होता. पुढची मुलं वाकून बघत होती, मागची बाकांवर उभी होती. उरलेल्या सगळ्या फळ्यावर... माझी यादी होती. क्रियापदापासून विशेषण. वॉश – वॉशेबल, फरगेट – फरगेटफुल, अ‍ॅट्रॅक्ट – अ‍ॅट्रॅक्टिव्ह, टॉक – टॉकेटिव्ह. आणि खाली चौकटीत, माझ्याच अक्षरात, 'पुसू नये — इंग्रजी.'

"अहो... तुम्ही खाली का बसलाय?"

ते वळले. भुवईवर खडू लागला होता. "जागा इथेच आहे."

"मग वरचं पुसायचं ना!"

"तुम्ही... इंग्रजी का?"

"हो. मीच इंग्रजी."

"तुम्हीच लिहिलंय ना, पुसू नये."

"ते दिवाळीच्या आधी लिहिलेलं मी! मुलांचं उतरवून व्हायचं होतं म्हणून. एका दिवसापुरतं!"

ते यादीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "तारीख नव्हती टाकलेली," असं अगदी गंभीरपणे म्हणाले.

मुलं खिदळली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. दिवाळीपासून रोज मी त्या फळ्यासमोर उभी राहत होते, रोज ती यादी तिथे दिसत होती, दमून बाकीचं मी तोंडीच शिकवत होते, आणि मला वाटत होतं, गणिताचे सर फळा वापरतच नाहीत. कोपऱ्यातलं ते जाताना पुसून जातात, हे मला कुठे माहीत होतं! मनातल्या मनात मी त्यांना आळशीसुद्धा ठरवून टाकलं होतं. आणि हा माणूस इतके महिने गुडघ्यांवर भूमिती शिकवत होता.

तेवढ्यात मागची, माझ्याही क्लासला येणारी एक मुलगी बोललीच, "मॅडम, आमच्या दप्तरांनी तुमची अक्षरं पुसली ना, की सर परत गिरवतात पण!"

"सान्वी, बस खाली," सर म्हणाले. कान लाल झाले होते.

मी नीट पाहिलं. 'वॉशेबल'मधलं शेवटचं अक्षर माझं नव्हतं. 'फरगेटफुल' तर अर्धंअधिक माझं नव्हतं. मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. दाराच्या चौकटीला टेकून मी हसत राहिले. किती दिवसांनी हसत होते कोण जाणे... पोट दुखलं.

मग मी डस्टर घेतलं आणि यादी पुसायला लागले. "उतरवून घेतलंय ना नक्की सगळ्यांनी?" त्यांनी मागून काळजीने विचारलं. आता अशा माणसाला काय म्हणायचं, सांगा!

त्यानंतर मी शाळेतून जरा घाईने निघायला लागले. घाई मला नवी नव्हती, आवडती घाई मात्र नवी होती. आणि सर क्लास सुटल्यावर लगेच जायचे, ते तुळसामावशींच्या ओट्यावर चहाला रेंगाळायला लागले. कारण विचारलं तर म्हणायचे, "मावशींचा चहा चांगला असतो." तुळसामावशींचा चहा म्हणजे नुसता गूळपाक. ज्याने प्यायलाय त्याला ते कारण किती पोकळ आहे ते कळेल.

तुळसामावशी नांदिवलीतल्या जुन्या आगरी. भोवती टॉवर झाले, पण यांचं कौलारू घर, आंबा आणि वरची ती एक खोली तशीच राहिली. मावशी धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी करणाऱ्या बायकांपैकी एक. लग्नसराईत त्यांचा गळा बसलेला असायचा आणि बसलेल्या गळ्यानेही त्या बोलायच्या थांबायच्या नाहीत.

"ये गो पोरी, बस. डोल्याखाली काला पडलाय बग किती! घरची जेवाला देत नाय का तुला?"

"देतात हो मावशी. झोप देत नाहीत."

"आनि यो मास्तर बग. ह्याचे गुडगे गेले न् तुजे डोले. दोगांचं मिलून एक मानूस व्हईल."

सर चहात बघत राहिले. मीही कपातच बघितलं. चहावर साय धरली होती.

एकदा त्यांनीच विचारलं, "मॅडम, एक सांगा. दिवाळीपासून ती यादी बघतोय. एबल कधी लावायचं, आणि इव्ह कधी? फुल कधी? नियम काय?"

"नियम नाही."

"असं कसं? काहीतरी असेलच."

"थोडंफार आहे. पण शेवटी कानाला बरं लागेल ते. मी मुलांना सांगते, हे शेपूट आहे. प्रत्येक प्राण्याला आपलं आपलं शेपूट असतं. माकडाचं गाईला लावून नाही चालत."

"पण कुणाला कुठलं, हे ठरवतं कोण?"

"कोणी नाही. जमलं की जमलं."

"मग मुलं शिकतात कशी?"

"चुकून."

"गणितात असं चालत नाही," ते म्हणाले.

"गणितात काय चालतं?"

"सिद्ध करावं लागतं."

"मग करा की सिद्ध," मी म्हटलं. काय सिद्ध करायचं ते मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. पण चहा संपल्यावरही दोघं रिकामे कप धरून बसलो होतो, आणि मावशी आतून उगाचच खोकल्या.

कधी मी त्यांच्या गणिताची थट्टा करायचे, कधी ते माझ्या शेपटांची. ते टिटवाळ्याला वडिलांबरोबर राहायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच. वडिलांचा फोन क्लास चालू असतानाच यायचा. "मीठ कुठंय?" "आमसुलं कुठंत?" आणि सर एका हाताने त्रिकोण काढत सांगायचे, "वरच्या फळीवर, बाबा. निळं झाकण." हे सांगताना कधी आवाज चढला नाही. मी त्या आवाजावर भाळले, की निळ्या झाकणावर, मलाही नक्की सांगता येणार नाही.

"तुम्ही दमत नाही का हो कधी?" मी विचारलं होतं.

"दमतो की. टिटवाळा, आंबिवलीची शिकवणी, मग इथं, परत टिटवाळा. पण दमलो हे सांगायला दुसरा दमलेला माणूस लागतो. ताजातवाना माणूस लगेच उपाय सांगतो."

हे मात्र खरं होतं. मला सगळे उपाय सांगायचे. योगा कर, लोहाच्या गोळ्या घे, नोकरी सोड, क्लास सोड. आणि आईचा उपाय सगळ्यात जुना होता. लग्न कर.

आईचं चुकत नव्हतं. बाबा गेल्यापासून तिने माझ्या लग्नाची काळजी एकटीने वाहिली होती. यंदा मार्चमध्ये नाशिकचं स्थळ आलं. मुलाचं नाव संदेश. आम्ही कल्याणला आत्याकडे भेटलो. पोहे झाले, हवापाण्याचं झालं. चांगला मुलगा होता, खरंच. माझ्या नोकरीची चौकशी केली, आईला आपली खुर्ची दिली. निघताना म्हणाला, "नाशिकला धावपळ कमी आहे. तुम्हाला आराम मिळेल." त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. आणि त्याचं नाव घ्यावं, असंही काही मला वाटत नव्हतं.

पण 'आराम' हा शब्द मनात अडकून बसला. मी घरी आल्यावर भांडी घासता घासता विचार केला, काय हरकत आहे? नळ वेळेवर येईल. दुपारी पडायला मिळेल. प्रेमबिम म्हणजे तरी काय, त्यालाही ताकद लागतेच ना? पायांत गोळे आलेल्या माणसाला पायरी दिसली की तो बसतो, पायरी कुणाच्या दाराची आहे ते बघत नाही. माझं तसंच चाललं होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवतो, असं आईने नाशिकला सांगून टाकलं, आणि मी काहीच बोलले नाही. आमच्याकडे काही न बोलणं म्हणजे होच असतं.

सरांना मी ते चहा पिता पिता सांगितलं. अगदी सहज, म्हणजे सहज वाटावं म्हणून दिवसभर मनात घोकून.

"नाशिकचं स्थळ आलंय. शनिवारी कळवायचंय."

त्यांचा कप ओठांपाशी थांबला. "मग... कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"चांगलंय मग."

"हो ना. चांगलंय."

एवढंच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते... आता काहीतरी म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी कप खाली ठेवला, बशीवर नीट मधोमध, आणि म्हणाले, "बाबांना औषध न्यायचंय. निघतो."

दुसऱ्या दिवसापासून ते रेंगाळेनासे झाले. मी कितीही घाई केली तरी पोचायच्या आत ते गेलेले. आणि फळा? सगळा फळा पुसलेला. नुसता डस्टरने नाही, ओल्या फडक्याने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतका स्वच्छ फळा मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता आणि कुठल्याही फळ्याचा मला इतका रागही कधी आला नव्हता. अहो, भांडा, चिडवा, निदान कोपऱ्यात एक वर्तुळ तरी ठेवा! पण नाही. कुणी काही ठरवलेलं दिसलं की या माणसाचा हात मागे येतो. मुलगी ठरली म्हणजे ठरली. तारीखबिरीख बघायची नाही.

"मास्तर आजकाल च्या पन पीत नाय," मावशी म्हणाल्या. "तू कायतरी बोललीस का त्याला?"

"मी काय बोलणार?"

"मंग बोलाचं व्हतं ते बोलली नाय वाटतं." आणि सुपातले तांदूळ पाखडत त्या आत गेल्या.

बोलायला मला भीती वाटत होती. नाही म्हणतील याची नव्हती, स्वतःचीच होती. मी मुलांना नेहमी सांगायचे, क्रियापद हे घरातलं राबणारं माणूस. धावतं, धुतं, आणतं, पोचवतं. त्याला शेपूट लागलं की ते विशेषण होतं, काम सोडून ऐटीत नामाशेजारी जाऊन बसतं. मुलं हसायची. मला मात्र वाटायचं, मीसुद्धा आयुष्यभर नुसती धावतेय, धुतेय, आणतेय, पोचवतेय. आता नाशिककर बसायला जागा देतायत, तर बसावं. मुकाट्याने बसावं.

शनिवार उजाडला तोच कोरडा. नळ खोकला आणि गप्प झाला. टँकर आला तो लांब, मधल्या चौकात. हंडे आणता आणता हातांना रग लागली. आई म्हणाली, "आज संध्याकाळी फोन करते हं मी त्यांना. तुझं काही... नाही ना?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही कळलं नाही. शाळेत पेपर तपासले, ऊन अंगावर घेत नांदिवलीला आले, आणि तुळसामावशींच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर माझे पाय थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. मी तिथेच बसले.

वरून पावलं वाजली. मी यायच्या आत निघून जायच्या घाईत सर खाली उतरत होते. मला बघून ते दोन पायऱ्या वरच उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. बसलेय."

"जिन्यात?"

"जागा इथेच होती," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. का फुटलं ते सांगता येत नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. नुसतं चढायचं उरलं होतं, आणि चढवत नव्हतं.

ते भराभर खाली आले. हात पुढे केला, मग मागे घेतला, मग परत पुढे केला. त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता. मी ती बोटं धरली. किती वेळ धरून होते, लक्षात नाही.

"आज बॅच सोडून द्या," ते म्हणाले.

"सोमवारी पेपर आहे मुलांचा. शेपटं राहिलीयत."

"मी घेतो."

"तुम्ही? इंग्रजी?"

"इतके महिने तुमच्या यादीसमोर गुडघे टेकलेत मॅडम. पाठ झालीय ती."

मी 'नको' म्हणणार होते. नको म्हणायची सवयच होती. पण त्यांनी तिथूनच खाली हाक मारली, "मावशी, चटई टाका हो जरा!" आणि मावशींनी काही न विचारता पुढच्या खोलीत चटई टाकली, उशाला गोधडीची घडी दिली आणि पंखा लावला. "नीज," त्या म्हणाल्या. "वरचं तो बगल. जग नाय बुडत."

मी पडून राहिले. झोप येणार नाही याची खात्री होती. वरून बाकं सरकल्याचे आवाज आले, मग मुलांचा गलका. "मॅडम कुठंयत?" मग त्यांचा तो शांत आवाज. खोलीचं छत म्हणजे नुसती लाकडी फळ्यांची तक्तपोशी, त्यामुळे शब्दन् शब्द खाली येत होता.

"लिहा. ड्रिंक – ड्रिंकेबल. ब्रेक – ब्रेकेबल. स्लीप – स्लीपेबल."

"सर, स्लीपेबल नसतं!"

"नसतं? मग स्लीपफुल?"

खोली हसण्याने हादरली. मला पडल्या पडल्या हसू आलं. मी उठून जायला हवं होतं, मुलांची वाट लागत होती. पण अंगाला उठायचंच नव्हतं.

"बरं, मला नियम सापडत नाही तर तुम्हीच सांगा," ते म्हणत होते. मग सान्वीचा आवाज आला, "सर, टायरचं काय होतं? मॅडमनी दोन दोन सांगितलेले. टायर्ड पण आणि टायरलेस पण."

वर फळ्यावर खडूची टकटक झाली.

"वाक्यात वापरून दाखवा ना सर."

"टायरलेस म्हणजे जो कधी दमत नाही," सर हळूच म्हणाले. "तुमच्या मॅडमना सगळे तेच म्हणतात. शाळेत माईकवरून पण म्हटलेलं, त्यांनीच सांगितलं. मला काही ते पटत नाही. कुणी कधी दमत नाही असं म्हटलं, की त्याला बसा म्हणायची जबाबदारी संपते. आपण लिहूया... अवर टीचर इज टायर्ड. सो वी विल बी क्वाएट. लिहिलं? आता खाली आवाज जायला नको. हळू बोला."

आणि वरची सगळी मुलं, एरवी छप्पर उडवणारी, कुजबुजत शेपटं म्हणायला लागली. हेल्पफुल... होपफुल... फरगेटफुल... आत मावशी तांदूळ निवडत कुठल्यातरी लग्नाचा धवला बसक्या गळ्यात गुणगुणत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. मला हा माणूस आवडत होता. नुसता आवडत नव्हता, मला तो हवा होता. हे इतकं साधं होतं आणि मी ते कळून घ्यायलासुद्धा दमले होते. मग कधीतरी ती कुजबूज लांब गेली आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं तिरपी होऊन ओट्यावर आली होती. अंगावर मावशींची गोधडी होती. वर शांत होतं. मी क्षणभर कुठे आहे तेच आठवेना, आणि आठवलं तेव्हा नवल वाटलं. दिवसाढवळ्या, परक्या घरात, काम टाकून मी गाढ झोपले होते. आमच्या घरीसुद्धा मला अशी झोप लागत नव्हती. नळाकडे एक कान असायचा.

बाहेर आले. सर ओट्यावर बसले होते. शर्टवर, केसांत, चष्म्यावर खडूच खडू.

"मुलं गेली?"

"गेली. मी सगळं चुकीचं शिकवलंय. उद्या तुम्हाला परत शिकवावं लागेल."

"ऐकलंय मी थोडं."

ते एकदम सरळ बसले. "किती?"

"मला झोप लागेपर्यंत."

त्यांनी ते किती असेल याचा हिशेब मांडून पाहिला असावा. कान लाल झाले म्हणजे उत्तर आलं होतं.

पर्समध्ये फोन थरथरत होता. आई. आधीचेही तिचेच येऊन गेलेले. मी तिथेच, त्यांच्यासमोरच उचलला.

"अगं आहेस कुठे? नाशिककरांचा दोनदा फोन येऊन गेला. कळवू ना मी?"

"कळव आई. नाही म्हणून कळव."

"काय?" आईचा आवाज चढला. "सकाळी तर मान हलवलीस! आता त्यांना कारण काय सांगू? मुलगा वाईट आहे का?"

"नाही गं, चांगला आहे. मी दमून हो म्हणणार होते त्याला. एवढ्या चांगल्या माणसाला असं फसवू नये."

"आणि आता?"

"आता झोपले होते."

"झोपली होतीस? या वेळेला? कुठे?" ती माझी आई आहे, मला किती दिवस झोप नाही ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मग हळूच म्हणाली, "बरं वाटतंय का पण?"

"हो. खूप बरं वाटतंय."

"घरी ये. मग बोलू," ती म्हणाली. रागावली होती, पण फोन आपटला नाही.

मी फोन ठेवला. सर अंगणातल्या आंब्याकडे बघत होते. मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या, पण ते त्या बघत नव्हते हे उघड होतं.

"तुम्ही... नाही म्हटलंत. का?" त्यांनी आंब्यालाच विचारलं.

"तुम्ही का नाही काही बोललात? त्या दिवशी मी सांगितलं तेव्हा?"

"मला विचारायचं होतं," ते म्हणाले. चष्मा काढून शर्टाला पुसला, तर तो आणखी पांढरा झाला. "बरेच दिवस विचारायचं होतं. पण तुम्ही यायचात त्या अशा... चेहऱ्यावर दिवसभराचं ओझं घेऊन. वाटायचं, सगळेच हिला काही ना काही मागतात. आपण आणखी एक प्रश्न कशाला टाकायचा. दमलेलं माणूस प्रश्न संपावा म्हणून हो म्हणतं. मला तसं हो नको होतं, भावना."

मॅडम नाही, भावना. पहिल्यांदाच.

आतून मावशींचं गुणगुणणं थांबलं होतं. त्या कान देऊन ऐकत होत्या, ते दिसत नसलं तरी कळत होतं.

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. अंतर ठेवून नाही.

"आता विचारा," मी म्हटलं. "झोप झालीय माझी."

त्यांनी विचारलं. अडखळत, दोनदा चुकून, एकदा पहिल्यापासून सुरुवात करत. आणि मी हो म्हटलं. अगदी ताजीतवानी होऊन हो म्हटलं.